नारायण पेठेतील वाडे, थकलेले भाडे आणि ताब्याचे दावे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचा परिचय

प्रस्तावना

पुणे शहराच्या जुन्या भागात घरमालक व भाडेकरू यांचा संबंध केवळ पैशाच्या देवघेवीचा राहिलेला नाही. नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली जाणारी नारायण पेठ हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुठेच्या काठापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत, केसरीवाडा, रमणबाग, पत्र्या मारुती, मोदी गणपती या परिसरात एकेकाळी एका कुटुंबासाठी बांधलेले वाडे विसाव्या शतकात हळूहळू बिऱ्हाडांचे वाडे झाले. सोप्याला पार्टिशन घालून दोन खोल्या काढल्या गेल्या, माजघर एकाकडे आणि माडी दुसऱ्याकडे गेली, चौकातला नळ व मागचे संडास सामाईक राहिले. रस्त्याकडच्या खणांत छापखाने, बाइंडिंगची दुकाने, खाणावळी आल्या. मालक त्याच वाड्यात, बहुधा आतल्या चौकात, राहत असे. त्यामुळे ज्याच्यावर दावा लावायचा तो भाडेकरू रोज जिन्यात भेटणारा माणूस असे.

आज अशा वाड्यातील वादाचे स्वरूप साधारणतः ठरलेले असते. भाडे अत्यल्प असते, ते वेळेवर येत नाही, वाडा दुरुस्तीस आलेला असतो, आणि भाडेकरूची दुसरी किंवा तिसरी पिढी तेथे राहत असते अथवा कुलूप लावून गेलेली असते. मालकाची पहिली प्रतिक्रिया ‘भाडे थकले, म्हणून बाहेर काढा’ अशी असते. कायद्याचे उत्तर इतके सरळ नाही. ते का नाही, थकबाकीचा दावा कोठे टिकतो व कोठे कोसळतो, आणि थकबाकीखेरीज ताबा मिळविण्याचे कोणते मार्ग आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भाडे गोठले कसे

मुंबई इलाख्यात भाडे नियंत्रणाची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या कायद्याने झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ आला व १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याने प्रमाण भाडे ठरविण्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधारभूत धरला. त्या दिवशी जे भाडे होते तेच, काही अनुज्ञेय वाढी सोडल्यास, पुढे चालू राहिले. कायदा तात्पुरता होता. परंतु त्याची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आणि तात्पुरत्याचे अर्धशतक झाले.

या काळात पेठेवर एक मोठी आपत्तीही आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. नारायण पेठेतील कितीतरी वाडे पडले किंवा खिळखिळे झाले. अनेक बिऱ्हाडे शहराबाहेर नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतींत गेली. जे वाडे उभे राहिले त्यांच्या मातीच्या भिंती व लाकडी तुळया पुढील काळात तशाच वापरात राहिल्या. गोठलेल्या भाड्यातून त्यांची नीट डागडुजी होणे शक्यच नव्हते.

१९७३ साली आणखी एक बदल झाला. ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या नावाखाली कायदा टाळला जातो म्हणून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा परवाना चालू होता त्यांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. हेतू संरक्षणाचा होता, परंतु परिणाम वेगळा झाला. आज परवाना दिलेला माणूस उद्या भाडेकरू ठरेल, या धास्तीने पुष्कळ मालकांनी रिकामी झालेली खोली पुन्हा कोणास दिलीच नाही. पेठांतील कुलूपबंद खोल्यांचे एक मूळ या धास्तीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९ डिसेंबर १९९७ रोजी हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाल्याचे म्हटले. मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत होती व नवे विधेयक विचाराधीन होते, म्हणून न्यायालयाने तरतुदी रद्दबातल ठरविल्या नाहीत. त्यानंतर ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबई इलाखा, विदर्भ व मराठवाडा येथील तीन वेगवेगळे कायदे जाऊन राज्यास एकच कायदा मिळाला. आधारभूत दिवस १ ऑक्टोबर १९८७ असा पुढे आणला गेला, त्या भाड्यात पाच टक्के वाढ दिली गेली, आणि कलम ११ नुसार कायदा लागू झाल्यानंतर दरवर्षी चार टक्के वाढ घेण्याची मुभा मालकास मिळाली.

ही वाढ किती तुटपुंजी आहे हे एका काल्पनिक हिशेबावरून दिसेल. १९८७ मध्ये एका खोलीचे भाडे दरमहा ४० रुपये होते असे समजू. पाच टक्के वाढीने ते ४२ रुपये झाले. त्यावर दरसाल चार टक्के, तेही चक्रवाढीने धरले, तरी पंचवीस वर्षांनंतर भाडे सुमारे ११२ रुपये होते.

थकबाकीचा दावा : कलम १५

अधिनियमाच्या कलम १५ चे पहिलेच तत्त्व असे आहे की, भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल किंवा देण्यास ‘तयार व राजी’ असेल, आणि भाडेपट्ट्याच्या अन्य अटी पाळत असेल, तोपर्यंत मालकास ताबा मागता येत नाही. म्हणजे भाडे थकले या एकाच गोष्टीने ताब्याचा हक्क उत्पन्न होत नाही. भाडेकरूची देण्याची तयारी नाही, हे सिद्ध व्हावे लागते.

यासाठी मालकाने प्रथम थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ मध्ये सांगितलेल्या रीतीने बजावली पाहिजे. नोटीस पोहोचल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. जुन्या कायद्यात ही मुदत एक महिन्याची होती. येथे एक गफलत नेहमी होते. भाडेकरार संपविणारी नोटीस आणि थकबाकीची मागणी करणारी नोटीस या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाडे नियंत्रण कायद्याखालील दाव्यास पहिली आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने व्ही. धनपाल चेट्टियार प्रकरणात १९७९ मध्ये सांगितले आहे. दुसरी मात्र महाराष्ट्राच्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे. ती नसेल तर थकबाकीच्या कारणावरील दावा उभाच राहत नाही. नोटिशीत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या दराने व किती रक्कम येणे आहे हे स्पष्ट असावे. भाडेकरूने रजिस्टर पाकीट घेण्यास नकार दिला, तर पत्ता बरोबर असल्यास ते बजावले गेले असेच न्यायालय सामान्यतः गृहीत धरते. ‘पोस्टमनला परत पाठवले’ हा पेठेत अजूनही ऐकू येणारा उपाय भाडेकरूच्या उपयोगी पडत नाही.

यानंतर येणारे पोटकलम तीन हे या विषयाचे मर्म आहे. दावा दाखल झाल्यावर समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने तोवरची सर्व थकबाकी, त्यावर दरसाल पंधरा टक्के दराने सरळव्याज, अशी रक्कम दिली किंवा न्यायालयात भरली, पुढे दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत नियमित भाडे भरत राहिला आणि न्यायालय ठरवील तो दाव्याचा खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. वरील काल्पनिक खोलीचेच उदाहरण घेतले, तर ११२ रुपये दराने छत्तीस महिन्यांचे भाडे ४,०३२ रुपये होते. शेवटच्या महिन्यापर्यंतचे व्याज सुमारे ८८० रुपये. पाच हजारांच्या आत हिशेब मिटतो आणि तीन वर्षे भाडे न देणारा भाडेकरू जागेवर कायम राहतो. मालकाचा वकिलावरील खर्च याहून अधिक होतो, हे सांगावयास नको.

दिल्लीच्या १९५८ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ही सवलत एकदा घेतलेल्या भाडेकरूने पुन्हा सलग तीन महिने भाडे थकविले तर ती दुसऱ्यांदा मिळत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी मर्यादा घातलेली नाही, ही त्याची एक उणीव मानावी लागेल. जाणीवपूर्वक भाडे थकविणारा आणि खरोखर अडचणीत सापडलेला, या दोघांत कायदा येथे भेद करीत नाही.

असे असले तरी थकबाकीचे दावे निष्फळच असतात असे नाही. भाडेकरू बहुधा पहिल्या नव्वद दिवसांत रक्कम भरतो. त्याची चूक होते ती नंतर. दावा वर्षानुवर्षे चालतो, तारखा पडत राहतात आणि न्यायालयात दरमहा भाडे भरण्याचे विसरले जाते. सहा महिन्यांचे एकदम भरले म्हणजे झाले, असा समज असतो. ‘नियमित’ या शब्दाकडे न्यायालये काटेकोरपणे पाहतात. जुन्या कायद्यातील तत्सम तरतुदीबाबत गणपत लढा विरुद्ध शशिकांत विष्णू शिंदे या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये असे मत दिले की, कायद्याच्या अटी पाळल्या गेल्या नसतील तर भाडेकरूस वाचविण्याचा स्वेच्छाधिकार न्यायालयास नाही. म्हणून दाव्यातील भाड्याच्या चलनांची नोंद ठेवणे हे मालकाच्या व भाडेकरूच्या, दोघांच्याही वकिलांचे पहिले काम असते.

जुन्या कायद्यातील एक गुंतागुंत येथे नोंदविण्यासारखी आहे. तेथे भाडे ‘दरमहा देय’ असणे, ते सहा महिने किंवा अधिक थकणे आणि रकमेबाबत वाद नसणे या अटी पूर्ण झाल्या तर भाडेकरूची वाट अधिक कठीण होई. परंतु भाडेकरूकडून वसूल होणारा शिक्षणकर वर्षातून एकदा देय असतो. मग संपूर्ण भाडे ‘दरमहा देय’ कसे म्हणावे, हा मुद्दा न्यायालयांपुढे वारंवार आला. काही रुपयांच्या करावरून दाव्याचा रोख पालटत असे. पुढे हा भेद काढून टाकण्यात आला.

मनिऑर्डर, पावती आणि खोटी थकबाकी

थकबाकी नेहमी भाडेकरूच निर्माण करतो असे नाही. मालकाने भाडे घेण्याचेच थांबवावे, पावती देऊ नये आणि वर्षभराने थकबाकीची नोटीस द्यावी, हा प्रकार जुना आहे. त्यावर भाडेकरूंनी शोधलेला तोडगाही तितकाच जुना : दरमहा मनिऑर्डर करावयाची आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली कुपने जपून ठेवावयाची. पेठेतल्या कित्येक घरांत अशा कुपनांचे गठ्ठे कागदपत्रांच्या पेटीत ठेवलेले असत. न्यायालयात ते ‘तयार व राजी’ असल्याचा उत्तम पुरावा ठरत. आता बँकेत थेट रक्कम जमा करण्याची सोय झाल्याने पुराव्याचे रूप बदलले आहे, तत्त्व तेच आहे. मिळालेल्या भाड्याची पावती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. पावती न देणारा मालक स्वतःचेच नुकसान करतो. भाड्याचा दर काय होता हे पुढे त्यालाच शाबीत करावे लागते. भाड्याच्या वसुलीसाठी मुदतीची मर्यादा तीन वर्षांची आहे, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते. दहा वर्षांची बाकी एकदम मागणारा मालक त्यातील सात वर्षांवर आधीच पाणी सोडून बसलेला असतो.

भाडेकरूस दुसरे एक शस्त्र कलम १४ ने दिले आहे. घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने लेखी सूचनेनंतरही दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. ११२ रुपये भाड्याच्या खोलीत ही रक्कम वर्षाला ३३६ रुपये होते. त्यात एका गवंड्याचा एक दिवसही निघत नाही. म्हणजे गोठलेल्या भाड्याने ज्या भाडेकरूचे संरक्षण केले, त्याच्याच डोक्यावरचे छप्पर दुरुस्त करण्याची वाटही त्याने बंद केली.

थकबाकीखेरीज अन्य कारणे : कलम १६

पेठेतील दाव्यांचा खरा भर कलम १६ वर असतो. त्यातील सर्व कारणांचा परामर्श येथे घेण्याचे प्रयोजन नाही. वाड्यांच्या संदर्भात महत्त्वाची तेवढी पाहू.

पहिले कारण कुलपाचे. भाडेकरूने कोथरूड, सहकारनगर किंवा सिंहगड रस्त्यावर सदनिका घेतली, कुटुंब तिकडे गेले, पण वाड्यातली खोली सोडली नाही. गणपतीत येऊन दार उघडले आणि पुन्हा कुलूप लावले. दावा दाखल होण्यापूर्वी लगतचे सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा ज्या हेतूने दिली त्या हेतूसाठी वापरली गेली नसेल, तर ताबा मागता येतो. येथे साक्षीदारांपेक्षा कागद अधिक बोलतात : जवळजवळ शून्य युनिटची वीजबिले, शिधापत्रिकेवरचा नवा पत्ता, मतदारयादीतील नोंद. थकबाकीच्या दाव्यात पैसे भरून सुटका होते, येथे तशी सोय नाही. म्हणून अनुभवी वकील थकबाकीसोबत हे कारण आहे काय, ते आधी तपासतात.

दुसरे पोटभाडेकरूचे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे सदाशिव व नारायण पेठांत ‘कॉट बेसिस’वर जागा देण्याचा व्यवसाय वाढला. मालकास शंभर-दोनशे रुपये देणारा भाडेकरू त्याच खोलीत चार खाटा टाकून हजारो रुपये घेतो, अशी तक्रार ऐकू येते. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाड्याने जागा देणे हे ताब्याचे स्वतंत्र कारण आहे. मात्र भाडेकरूने जागेवरील आपला एकमेव ताबा सोडून तो दुसऱ्यास दिला, हे मालकास दाखवावे लागते. भाडेकरू स्वतः तेथे राहत असेल आणि विद्यार्थी पाहुण्यासारखे असतील तर चित्र बदलते. तो स्वतः राहतच नसेल तर ‘पाहुणे’ ही सबब टिकणे कठीण.

तिसरे उपद्रवाचे. ‘त्रासदायक भाडेकरू’ ही मालकाची तक्रार कायद्याच्या भाषेत बसवावी लागते. कायदा लगतच्या किंवा शेजारच्या रहिवाशांना होणाऱ्या उपद्रवाविषयी बोलतो. मालकाशी अबोला, मालकाविरुद्ध महापालिकेत अर्ज, चौकात सायकल लावण्यावरून होणारी बाचाबाची, हा उपद्रव नव्हे. शेजारच्या बिऱ्हाडाने साक्षीस यावे लागते, आणि तेथेच असे दावे अडतात. कारण शेजारीही भाडेकरूच असतो व उद्या आपली पाळी येईल, हे त्यास ठाऊक असते.

चौथे मालकाच्या वाजवी व प्रामाणिक गरजेचे. मुलाचे लग्न, घरातील वाढती माणसे, स्वतःचा व्यवसाय ही कारणे ग्राह्य आहेत. पण न्यायालय दोन्ही बाजूंच्या अडचणींची तुलना करते. भाडेकरूस अन्यत्र घर आहे काय, मालकाच्या ताब्यात वाड्यातील अन्य खोल्या आहेत काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात. वाडा पाडून नवी इमारत बांधण्यासाठीही ताबा मागता येतो. मात्र निधी उपलब्ध आहे, नकाशे तयार आहेत व महापालिकेची मंजुरी आहे, याबद्दल न्यायालयाची खात्री पटवावी लागते.

हे सर्व दावे पुण्यात लघुवाद न्यायालयात चालतात. तेथून अपील जिल्हा न्यायालयात आणि प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकते. दरम्यान वादी किंवा प्रतिवादी मृत झाल्यास वारसांची नावे लावावी लागतात. भाडेकरूबरोबर राहणारा कुटुंबीय त्याच्या मृत्यूनंतर भाडेकरू होतो, त्यामुळे दावा पुढच्या पिढीकडे जातो, हे पेठेत अपवादाने घडते असे नाही.

नवे परवानाधारक आणि ‘अकरा महिने’

१९९९ च्या कायद्याने कलम २४ द्वारे निवासी परवान्यांची स्वतंत्र व्यवस्था केली. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मिळविली नाही, तर परवानाधारकास विरोधच करता येत नाही. मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो. ही वाट दाव्याच्या तुलनेत पुष्कळच जवळची आहे. मात्र ती निवासी जागेपुरतीच आहे. लक्ष्मी रस्त्याकडील दुकानाचा परवाना संपला तर मालकास न्यायालयातच जावे लागते. तसेच कलमाची भाषा ‘मुदत संपल्यावर’ अशी असल्याने, मध्येच शुल्क थकल्यास परवाना रद्द करण्याची अट करारात स्पष्ट शब्दांत असणे अगत्याचे ठरते.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज मात्र महाराष्ट्रात चुकीचा आहे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यास सर्वसाधारण नोंदणी कायद्यात मिळणाऱ्या सवलतीतून तो आला. अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा परवाना, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, व नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून घातक परिणाम पुराव्याचा आहे : नोंदणीकृत करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते.

परस्पर उपाय

दावा लांबतो म्हणून नळ तोडणे, वीज बंद करणे, संडासाला कुलूप लावणे असे मार्ग अवलंबिले जातात. कलम २९ ने अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई केली आहे आणि न्यायालय त्या तातडीने पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. भाडेकरूस बळाने बाहेर काढल्यास त्याला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळविता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. सामानासह रस्त्यावर काढलेला भाडेकरू अशा रीतीने परत येतो, आणि मालकाचा मूळ दावा त्या प्रसंगाने दुबळा होतो.

याहून सूक्ष्म मार्ग म्हणजे वाडा पडू देणे. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. भिंत फुगली, तुळई वाकली, की अभियंता येतो व वाडा रिकामा करण्याचा आदेश निघतो. वाडा पडला म्हणजे भाडेकरूचा हक्क गेला, असे पूर्वी मानले जात असे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या शहा रतनशी खिमजी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ मध्ये हे मत नाकारले. इमारत नष्ट झाली तरी जमीन राहते आणि भाडेकरूचा हक्क केवळ इमारत पाडल्याने संपत नाही, असा हा निर्णय आहे. त्यामुळे धोकादायक वाडा सोडताना भाडेकरूने आपल्या खोलीचे मोजमाप, भाडेपावत्या व महापालिकेच्या पंचनाम्याची प्रत जवळ ठेवणे आवश्यक ठरले. मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच, की रिकाम्या भूखंडावर विकसक आणताना वाड्याबाहेर गेलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाशी त्याला पुन्हा बोलणी करावी लागतात. आणि या बोलण्यांत जुन्या थकबाकीचा आकडा बहुधा शेवटी, चहा झाल्यावर, ‘ते सोडून देऊ’ अशा शब्दांत निघतो.